जीभ तुझी, नाव माझं

दिनकर,

तुझ्या तेरवीला ती आली होती. काटोलकडची, वायनरीवाली अश्विनी. मंडपाच्या दाराशी ती चपला काढत होती तेव्हाच मी तिला ओळखलं, आणि उठून मागे आचारी भाजी उतरवत होता तिथं जाऊन उभा राहिलो. पासष्टीचा माणूस एका पस्तिशीतल्या बाईला पाहून चुलीमागं लपला. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून गा सुभाष, तुले भाजी ढवळाले बोलावलं का?"

ती तुझ्या फोटोपुढं बसली. मग शकू वहिनींजवळ गेली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. ओळखीच्या बायका रडतात तशा, फार न बोलता. मला काही उमगेना. माझ्या एका लेखानं जिचा सगळा धंदा बसला, ती तुझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. या नऊ महिन्यांत तुझ्या घरात काय काय झालं हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कसं? मी तुझ्याकडं यायचं सोडलं होतं.

बावीस वर्षं मी दर रविवारी छापून आलो. तुझं बोलणं तुला न विचारता छापलं, असा त्यातला एकच लेख. आणि हा दुसरा.

आपली ओळख झाली तो दिवस तुला आठवत असेल. मी नागपुरात, सदर भागातल्या एका कचेरीत कारकून होतो, आणि ऑफिसच्या चहासाठी पत्ती आणायला मला इतवारी बाजारात पिटाळलं होतं. भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत तुझं ते दोन माणसं मावतील एवढं दुकान. काउंटरवर सात पांढरे कप ओळीनं मांडलेले. तू एकेका कपातून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचास, तोंडात फिरवायचास आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायचास. मला ते पाहून किळस आली. तू दोन कप माझ्यापुढं सरकवलेस. "साहेब, यातला चांगला कोनता?" मी दोन्ही प्यायलो, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि डावीकडचा दाखवला.

"दोनी एकच हाय," तू म्हणालास आणि इतका हसलास की समोरचा कापडवाला बाहेर येऊन पाहू लागला.

पहिल्याच भेटीत तुला कळलं होतं की माझ्या जिभेला चव समजत नाही. ते तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. पुढं मी शहरातल्या खाण्यापिण्यावर स्तंभ लिहू लागलो, लोक मला ओळखू लागले, तेव्हाही नाही.

आपलं काम कसं चालायचं हे फक्त आपल्या दोघांना माहीत. शनिवारी दुपारी दुकान बंद करून तू माझ्या स्कूटरवर मागं बसायचास. आपण जेवायचो. तू दोन घास खाऊन गप्प व्हायचास, मग परतताना माझ्या कानाशी बोलत राहायचास. मी ते मनात घोकत स्कूटर चालवायचो, घरी नंदनवनला पोचलो की चपला न काढता आधी वहीत उतरवायचो. ते सावजीचं जेवण आठवतं? तू रस्सा बोटावर घेऊन चाटलास आणि म्हणालास, "मसाला कालचा हाय, तर्री आजची." मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पानठेल्यावर माणसं एकमेकांना ऐकवायची. एका मंडळानं मला शाल दिली, 'नागपूरची जीभ' म्हणाले. तू शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. विणकराचा मुलगा तू. ती शाल बोटांनी चोळून म्हणालास, "सूत बरं हाय."

मी भाषणात तुझं नाव घेतलं नाही. कधीच घेतलं नाही. लेखात एखाद्‌वेळी 'माझे एक स्नेही' असं लिहायचो. एकदा मी विचारलं होतं, वरवर, की तुझं नाव टाकू का. तू म्हणालास, "नको गा, गिऱ्हाईक म्हनन, बुढा चहा सोडून हाटेलं फिरून राहिला." तू थट्टेत बोललास. मी ती परवानगी म्हणून जपून ठेवली. बावीस वर्षं पुरली.

मग मागच्या डिसेंबरातली ती वायनरी. संपादक म्हणाले, लोक आता अशा ठिकाणी सहली काढतात, तुम्हीही एकदा जाऊन बघा, अनुभव कसा आहे ते लिहा. मला वाटलं तू येणार नाहीस. आयुष्यात दारूला शिवला नव्हतास. तू चहाची चाळण झटकत म्हणालास, "मी पेत नाही, चाखतो. थुकाले देतात का तेवढं विचारून घे." शकू वहिनी आतून ओरडल्या, "वापस आल्यावर मी तोंड हुंगीन!"

तासाभराचा रस्ता, दोन्हीकडं संत्र्याची झाडं. जागा म्हणजे पूर्वीचं संत्री भरायचं गोदाम. वर टिनाचं छत, भिंतींना छतापर्यंत जुन्या लाकडी पेट्या रचलेल्या आणि त्यांत पिवळे दिवे लावलेले. फरशी नुकतीच धुतलेली. दारात अश्विनीचे बाबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हात जोडून उभे. लग्नघरी वधूपिता उभा असतो तसे. आपल्याशिवाय एक तरुण जोडपं होतं, ते दिव्यांपुढं उभं राहून फोटो काढत होतं.

मी वही उघडली. उजेड चांगला. बसायला उंच स्टुलं, पाठ टेकायला काही नाही. ग्लास लहान. सोबत खारे शेंगदाणे. माहिती जरा जास्तच. अशी माझी टिपणं. तू काहीच टिपलं नाहीस. तू रिकामा ग्लास उचलून नाकाला लावलास, आणि अश्विनीनं ते पाहिलं. तिचा चेहरा खुलला. रिकाम्या ग्लासाचा वास घेणारं गिऱ्हाईक तिच्याकडं बहुधा पहिलंच आलं असावं.

ती सांगत होती की नाशिककडं शिकले, तिथंच चार वर्षं नोकरी केली, पण आपल्याकडच्या संत्र्याची वाईन का होऊ नये हे डोक्यातून जाईना, म्हणून परत आले. बाबा शेजारी उभे राहून तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. पहिला ग्लास द्राक्षांच्या पांढऱ्या वाईनचा. तू तो इतवारीतल्या चहासारखा सुर्रकन ओढलास. ते जोडपं फिसकन हसलं. तू बादलीत थुंकलास तेव्हा पोरीनं तोंडावर रुमाल धरला. अश्विनी त्यांना म्हणाली, "चाखायची खरी रीत हीच आहे. तुम्ही पण करून पाहा." मी तेव्हा मान खाली घातली होती. तुझी लाज वाटली मला, दिनकर. हेही सांगून टाकतो.

दुसरा ग्लास संत्र्याच्या वाईनचा. मी घोट घेतला. मला ती आवडली. संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आलं, थोडं कडवट, थोडं गोड. मी वहीत लिहिलं, 'छान.' ती वही अजून माझ्याजवळ आहे.

तुझा चेहरा बदलला होता. तू दुसरा घोट घेतलास, तो बराच वेळ तोंडात धरलास, थुंकलास आणि विचारलंस, "फरशी कायनं धुता, बाई?"

"ब्लीचिंग पावडरनं. रोज धुतो," ती कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

"अन् ह्या पेट्या?"

"बाबांच्या आहेत. संत्री भरायच्या. पावसात जरा भिजल्या होत्या, पण आम्ही धुऊनपुसून लावल्या."

तू पेट्यांकडं एकदा पाहिलंस. तिसरा ग्लास जांभळाचा, तोही चाखलास. जोडपं निघून गेलं, बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा तू मोरीजवळ तिच्याकडं गेलास. मी चार पावलांवर होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरी, राग नको मानू. ओल्या पोत्याचा वास येऊन राहिला."

"कशाला?"

"दुसऱ्या अन् तिसऱ्याले. वाईन तुही चांगली हाय, तिच्यात घराचा वास शिरला. माह्या चहात एकदा असंच झालं होतं. पावसाळ्यात एक ओली पेटी राहून गेली, अन् सगळा माल गेला."

तिनं ग्लास घेतला, नाकाला लावला. "मला नाही येत."

"तुले येनार नाही. तू रोज इथंच राहते. भाहेर जा, उन्हात उभी राय, नाक मोकळं होऊ दे, मंग ये."

ती गेली. अंगणात तोंड धुतलं आणि डोळे मिटून उन्हात उभी राहिली. दहा मिनिटं तरी असेल. परत आली, ग्लास उचलला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "हे आम्हाला शिकवलं होतं, काका," ती म्हणाली. "ओलं लाकूड, त्यावरची बुरशी आणि ब्लीचिंग. त्यातून हाच वास तयार होतो. शिकवलं होतं हो." तेवढ्यात बाबा परत आले. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या शर्टाची कॉलर उगाच नीट केली.

तू तिला सांगितलंस, पेट्या जाळ, ब्लीचिंग बंद कर, त्या बाटल्या कोणाला देऊ नको, मी दोन महिन्यांनी परत येतो. स्कूटरवर मागं बसल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "दोन महिने थांब गा. मंग काय लिहाचं थे लिही."

मी 'हूं' म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी संपादकांचा फोन आला की पान अडलंय. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पान अडलं होतं हे खरं, पण माझ्याकडं एका इडलीवाल्यावरचा मजकूर तयार होता. तो मी दिला नाही. कारण मला वाक्य सुचलं होतं, 'संत्र्याच्या नावाखाली ओल्या पोत्याचं पाणी.' असं वाक्य हातात आलं की मला ते ठेवून देता येत नाही. मी लिहून काढलं. पहिल्या घोटालाच माझ्या लक्षात आलं, असं लिहिलं. उन्हात उभ्या राहिलेल्या त्या पोरीचं काही लिहिलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत तो लेख फोनाफोनांतून सगळीकडं फिरला. मला चार ठिकाणांहून शाबासकी आली.

सोमवारी मी नेहमीसारखा दुकानात आलो. कौतुक ऐकायलाच आलो होतो, खोटं का बोलू? तू एका गिऱ्हाइकाला चहा मोजून देत होतास. त्याला वाटेला लावलंस, हात पुसलेस.

"काहून लिहिलं गा?"

"खोटं लिहिलं का मी?"

"नाही. खरं लिहिलं."

"मंग?"

"थे मी त्या पोट्टीले सांगतलं होतं. तुले नाही."

"लोक तिथं जाऊन राहिले, दिनकर. त्यायले समजाले नको?"

"दोन महिन्यानं समजलं असतं त कोन मरत होतं? चाखनाऱ्यानं आधी करनाऱ्याले सांगाव. त्यानं नाही ऐकलं त मंग चौकात जाऊन बोंबलाव. तू आधीच बोंबलला."

रागावलो की मी शुद्ध बोलू लागतो, ते तुला ठाऊक होतं. "माझी बांधिलकी वाचकांशी आहे," मी म्हणालो. "कुणाच्या व्यवसायाशी नाही."

तू माझ्याकडं पाहिलंस. आवाज चढवला नाहीस. "सुभाष, तू तो ग्लास पेऊन वहीत 'छान' लिहिलं. मी पाहिलं."

मी उठलो. जाताना म्हणालो, "तुझ्या जिभेवाचूनही मला लिहिता येतं." समोरच्या कापडवाल्यालाही ऐकू गेलं असेल.

एक गोष्ट मात्र मी अजूनही सोडलेली नाही, आणि तू समोर असतास तर आजही भांडलो असतो. तिनं ऐकलं नसतं तर? त्या बाटल्या तिनं तशाच पाजल्या असत्या तर? लोकांना अंधारात ठेवायचं का, किती दिवस ठेवायचं, हे कुणी ठरवायचं? हा प्रश्न खोटा नाही. पण तिनं त्याच संध्याकाळी सगळ्या बाटल्या मागं घेतल्या होत्या, आणि मी एक फोन करून विचारलंही नव्हतं. प्रश्न खरा होता. माझ्या तोंडी तो शोभत नव्हता.

त्यानंतर मी तुझ्याशिवाय लिहू लागलो. सजावट कशी, गाडी लावायला जागा आहे का, वेटर हसतमुख आहे का. चवीचं जेवढं सगळीकडं चालेल तेवढंच. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. एका वाचकानंही विचारलं नाही की तुमच्या लेखातली चव कुठं गेली. मला त्याचं सुख व्हायला हवं होतं. मी मात्र वाट पाहत होतो, कुणीतरी विचारील, मग मी तुझ्याकडं येईन आणि म्हणेन, बघ, लोक विचारून राहिले. शकू वहिनींचे दोन फोन आले. "काहून येत नाही भाऊजी?" मी कामं सांगितली. इतवारीत कधी जावं लागलं तर सराफ्याकडून वळसा घालून जायचो.

ऑगस्टमध्ये तुझी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी दवाखान्यात आलो. वहिनी मला पाहून उठल्या आणि मुद्दाम बाहेर गेल्या, दार लोटून घेतलं. खोलीत तू आणि मी. पंचवीस मिनिटं मी बोललो, दिनकर. मेट्रोच्या गर्दीवर बोललो. नंदनवनच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांवर, माझ्या गुडघ्यावर, उकाड्यावर. तू एकटक पाहत होतास. मध्ये एकदा तुझा डावा हात उचलला गेला. मला वाटलं तुला पाणी हवं. मी चमच्यानं पाणी पाजलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं, मी रुमालानं पुसलं. तुला पाणी नको असेल. काय हवं होतं ते मला आता कळणार नाही. तू डोळे मिटलेस. मी म्हटलं, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. तिसऱ्याही नाही. पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

तिथं म्हणायला माझ्याकडं दोनच वाक्यं होती. चुकलो, आणि जीभ तुझी होती. तू उत्तर देऊ शकला नसतास म्हणून मी बोललो नाही, असं मी आधी मनाशी धरलं. खरं उलटं आहे. तू उत्तर देऊ शकत नव्हतास म्हणून बोलणं सर्वांत सोपं होतं, आणि मला तेही जमलं नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी मी वायनरीवर गेलो. एकटा. परतीच्या वाटेचं बोलणं कानाशी नसेल तर तो रस्ता किती लांब आहे, ते त्या दिवशी समजलं. फाटक उघडं होतं, टेस्टिंग रूमला कुलूप. अश्विनी मागच्या शेडमध्ये होती. मला पाहून तिनं नळ बंद केला. ओळखलं होतंच.

"बसा," ती म्हणाली. बसायला काही नव्हतं. आम्ही दोघंही उभेच राहिलो.

तिनं जे सांगितलं ते तुला माहीत आहे. मला नव्हतं. लेख आला त्याच आठवड्यात तू वहिनींना घेऊन एसटीनं तिच्याकडं गेलास. ती तुमच्यावर ओरडली, चालते व्हा म्हणाली. तू उभा राहून ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "लिहिलं त्यानं, पन जीभ माही होती. राग माह्यावर काढ." मग कोट काढून खुंटीला टांगलास आणि पेट्या उतरवायला लागलास. त्या जाळायला तिच्या बाबांचा जीव होईना, तर वहिनी त्यांच्याजवळ बसून राहिल्या. त्यानंतर दर पंधरवड्याला तू तिथं जात होतास. नवी फरशी, मोकळ्या भिंती, नव्या टाक्या, सगळं नाकानं तपासत होतास. रविवारी. ज्या दिवशी माझा स्तंभ यायचा त्या दिवशी.

"काकांनी तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही," ती म्हणाली. "मी विचारायचे, तुमचा मित्र असा कसा? ते म्हणायचे, लिहिनाऱ्याले वाक्य सुचलं की त्याचा इलाज नसते."

मग मी तिला सांगितलं. तो वास मला आला नव्हता, मी वहीत 'छान' लिहिलं होतं, तुमचं बोलणं चार पावलांवरून ऐकून ते माझं म्हणून छापलं. फक्त त्या दिवशीचंच नाही, बावीस वर्षांचं. ती ऐकत राहिली. हातातलं फडकं पिळत होती, त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"बावीस वर्षांचं हे काकांनी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"तो सांगणार नाही."

"लेख आल्यावर लोक यायचे, चाखायला नाही. बाबांना विचारायचे, पोतं कुठं आहे, दाखवा. हसायचे. बाबा दोनतीनदा त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा, त्यांना वाटलं गंमत करतात. मग मी त्यांना लेख वाचून दाखवला. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही." तिनं फडकं दोरीवर टाकलं. "मी माफ करावं म्हणून आलात का?"

"नाही."

"बरं झालं. मला नाही जमणार."

मी निघालो तेव्हा तिनंच थांबवलं. आतून ग्लास आणला, टाकीच्या तोटीतून दोन घोट ओतले. मृग बहाराच्या संत्र्यांची वाईन, फेब्रुवारीत आंबवायला लावलेली. तू ज्या रविवारी चाखायला येणार होतास, त्याच्या आदल्या गुरुवारी तू पडलास. "माझ्याशिवाय कुणी चाखली नाही अजून," ती म्हणाली. "सांगा. कशी आहे?"

मी ओढली, तुझ्यासारखी, आवाज करून. फिरवली, थुंकलो. बावीस वर्षं तुला पाहून एवढी नक्कल येत होती. तोंडात काहीतरी आंबट होतं, मागून थोडं कडू. त्याच्यापुढं मला काही कळेना. शब्द मात्र येत होते, एकापाठोपाठ एक, नेहमीसारखे चमचमीत. मी ते गिळले. "मला समजत नाही," मी म्हणालो. "चांगली आहे की वाईट, मी नाही सांगू शकत."

तिनं मान हलवली. दुसरा ग्लास घेऊन ती अंगणात गेली, तोंड धुतलं, डोळे मिटून उन्हात उभी राहिली. मी वाट पाहिली. तिनं चाखलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. "चालेल," ती म्हणाली, माझ्याशी नाही. शेडच्या दाराशी तिचे बाबा येऊन उभे होते. अंगात मळका बनियन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही, आणि ते आत गेले.

दिनकर, तिला तू नाक दिलंस. सात-आठ महिन्यांत दिलंस. मला बावीस वर्षं जवळ बसवूनही दिलं नाहीस, कारण मी मागितलंच नाही. मला तुझी चव नको होती, तुझी वाक्यं हवी होती. तरीही तू शनिवारमागून शनिवार मागं बसत राहिलास. इतकं उदार कोणी का असावं, हे माझं तुझ्याशी शेवटचं भांडण. मला कधीतरी अडवायला हवं होतंस. त्या शालीच्या दिवशीच उठून म्हणायला हवं होतंस, जीभ माझी आहे. मी चिडलो असतो, तुला सोडून गेलो असतो, पण माणसात तरी राहिलो असतो.

स्तंभ मी बंद केला आहे. संपादकांना सांगितलं की शेवटचा मजकूर म्हणून हे पत्र देतो, त्यात तुझं पूर्ण नाव येईल, दिनकर निनावे, आणि त्या रविवारच्या लेखाचं सगळं जसं झालं तसं येईल. ते म्हणाले, बघू, कायदेशीर काही अडचण नको. छापतील, न छापतील.

काल दुपारी इथवर लिहिलेला हा कागद घेऊन मी इतवारीत गेलो. नऊ महिन्यांनी त्या गल्लीत शिरलो. दुकान आता वहिनी उघडतात. मी काउंटरशी उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. तू माझ्यावर एका शब्दानंही बोल येऊ दिला नाहीस, त्या जागी मी थांबलो, तर त्यांनी मला पाण्याचा पेला दिला आणि वाचा म्हणाल्या. शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली, परत माझ्या खिशात ठेवला.

"हे त्यायले जिते असतानी वाचून दाखवाचं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाकडं वळल्या.